काचेचं टेबल

आमच्या कंपनीत रोबोचे छोटे हात बनायचे. कोपरापासून बोटांपर्यंत आपला असतो ना, तेवढेच. त्यांना केसाएवढा फरकही चालत नाही. तो फरक मोजून काढणं हे माझं काम. अकरा वर्षं केलं.

मालकांनी जावयाला डायरेक्टर केलं आणि ऑफिसात अत्तराचा वास आला, अकलेचा दुष्काळ पडला. पाना कुठून धरायचा ते ठाऊक नाही, पण बोलणं असं की रोबो जणू यानेच जन्माला घातला.

श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एक बाई हात बघायला येणार होत्या. जावईबापूंनी एक हात वर्कशॉपमधून उचलून पुढच्या हॉलमध्ये, काचेच्या टेबलावर बसवायला लावला.

"टेबल हलतंय," मी म्हटलं. "खाली ओतीव लोखंडच हवं."

"अहो, हात अचूक आहे ना? मग टेबलाचं काय घेऊन बसलात? फोटोत लोखंड कसं दिसेल!"

बाई आल्या. हाताने तिळाएवढा स्क्रू उचलला, वेग घेतला, टेबल थरथरलं आणि स्क्रू भोकाशेजारी आपटून गालिच्यात गडप. दुसराही तसाच. नाचणारा पक्का होता. अंगण खरोखरच वाकडं होतं.

बाईंनी टेबलावर तळवा ठेवला. "इथे कुणी बसवला हा?"

"यांनी." जावयाने माझ्याकडे बोट केलं. पापणीसुद्धा हलली नाही.

मालक शेजारीच उभे होते. सगळं माहीत असून बुटांच्या टोकांकडे बघत राहिले.

मी बाईंना वर्कशॉपमध्ये नेलं. लोखंडावरचा दुसरा हात सुरू केला. चाळीस स्क्रू, एकही चुकला नाही. ऑर्डर तिथेच मिळाली. जावयाने छाती फुगवून फोटो काढून घेतला.

संध्याकाळी मालक माझ्याजवळ आले. "मनावर घेऊ नकोस. जावई आहे, समजून घे. पगार वाढवतो तुझा."

"पगार राहू दे. उद्या सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की टेबल मी निवडलं नव्हतं."

"घरात कटकट होईल गं."

जावयाची निदान कीव यायची. मालकांची त्या क्षणी किळस आली. मोजमापात 'चालतंय की' म्हणणाऱ्याला दार दाखवायचं, हे मला याच माणसाने शिकवलं होतं.

"जावई तुमचा आहे, साहेब. माझा नाही."

सकाळी राजीनामा दिला. "घाई करतेयस," म्हणाले. अकरा वर्षांनंतर घाई!

आता दुसऱ्या कारखान्यात वजनकाटे तपासते. काम साधंच आहे. पण तिथल्या साहेबाला चूक झाली की 'माझी' म्हणता येतं.