हेमलता नावाची बाई

"'सदर पत्त्यावर हेमलता नावाची कोणीही बाई राहत नाही,'" शिवमूर्तीनं कागद वाचला आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. "पोलिसांचा रिपोर्ट हाय, ताई. शेजारच्या पाच घरांत विचारलं म्हनं त्यांनी."

टेबलासमोर हेमलताच उभी होती. हातात नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं.

"मी घरीच होते हो," ती म्हणाली. "जमादार आला, तेव्हा मीच त्याला पाणी दिलं."

"तुमचं नाव विचारलं का त्यानं?"

"विचारलं. मी सांगायच्या आधीच शेजारीण बोलली. 'ही सरजाबाई' असं म्हणाली."

शिवमूर्ती लातूरच्या कलेक्टर कचेरीत पासपोर्टच्या अर्जांचं काम पाहायचा. जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. उस्मानाबादेहून आलेल्या फायलींचे गठ्ठे अजून व्हरांड्यात तसेच पडलेले होते. त्यानं रेशनकार्डाची नक्कल पुढे सरकवली. आप्पासाहेब, वय बेचाळीस. पत्नी सरजाबाई, वय अडतीस. मतदारयादीतही तेच.

"ह्या सरजाबाई कोन?"

"मालकांची पहिली बायको. बहात्तरच्या दुष्काळात वारली."

"मृत्यूचा दाखला?"

"काढलाच नाही कुणी."

हेमलता जन्मली कराचीत, तिथल्या मराठी वस्तीत. सत्त्याहत्तर साली मामाला भेटायला म्हणून औशाला आली आणि मामानं आप्पासाहेबांचं स्थळ काढलं. डाळमिलमधला फिटर, निर्व्यसनी, बिजवर. लग्नात तांदळावर नवरीचं नवं नाव काढताना सासू म्हणाली होती, "सरजाचंच नाव ऱ्हाऊ द्या. तिचा जीव घुटमळाया नगं." गळ्यात सवतीचा टाक, मेलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा ठसा आला, आणि रेशनकार्डावरून कधी न कमी केलेलं नावही तिलाच मिळालं. ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. सगळ्या तिला सरजाबाईच म्हणत. हेमलता फक्त पोलीस ठाण्यातल्या परदेशी लोकांच्या रजिस्टरात होती. तिथं ती आठ वर्षं हजेरी देत आली, आणि त्याच नावानं मागच्या वर्षी तिला नागरिकत्व मिळालं. आता कराचीहून भावाचं पत्र आलं होतं. आई अंथरुणाला खिळली आहे, चमच्यानं पाणी पाजतो, तुझं नाव घेते.

"कागदावर पहिली बायको जिवंत हाय," शिवमूर्ती आवाज खाली आणून म्हणाला. "म्हंजे तुमचं लग्न धरलं जात न्हाई. लग्न न्हाई तर ह्या प्रमाणपत्रावरच सवाल येतो. पासपोर्ट तर लांबच ऱ्हायला. सरजाबाईच्या मृत्यूची नोंद करून आना."

"मालक जबाब देतील."

"त्यांचा त्यात फायदाच हाय. तिच्या माहेरचं, रक्ताचं मानूस पाहिजे."

रक्ताचं एकच माणूस उरलं होतं. केवळाबाई, सरजाची आई, मुखेडजवळच्या वाडीत एकटी राहायची. आटलेल्या विहिरीत सरजा वाटीनं पाणी खरवडायला उतरली आणि वरून दरड कोसळली, तेव्हा केवळाबाई लांब दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पंचनामा आणि चिरफाड नको म्हणून घरच्यांनी संध्याकाळच्या आत उरकून टाकलं. आईनं तोंड पाहिलं नाही. सुतक धरलं नाही. पाच वर्षांनी आप्पासाहेब नवी बायको घेऊन रिवाजाप्रमाणे पाया पडायला गेले, तेव्हा म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "लई दिस लावलेस गं, सरजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हेमलता निघाली. अहमदपूर गेल्यावर बाहेर झाडाला पान दिसेना. वाडीच्या फाट्यावर उतरली, तेव्हा दुपार झाली होती. वाटेत टँकरसाठी मांडलेल्या घागरींची रांग होती आणि माणूस एकही नव्हतं. एका दारातून कुणीतरी हाक दिली, "आलीस का सरजे?" तिनं वळून पाहिलं. दार लावलेलं होतं.

केवळाबाई ओट्यावर बसली होती. डोळे आता जवळजवळ गेलेलेच. पावलं ऐकून तिनं हात पुढे केला आणि नेहमीसारखं हेमलताचं डावं मनगट चाचपलं. सरजाला तिथं लहानपणी विळ्याची खूण होती.

"जखम लई चांगली भरली बग," म्हातारी म्हणाली.

नऊ वर्षं ती हेच म्हणत आली होती. पहिल्या वेळी हेमलतानं हात मागं ओढला होता. पुढे पुढे मनगट आपोआप पुढे व्हायचं. यंदाच्या उन्हाळ्यात तर तिला एकदा शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या विळा आठवला होता. लाकडी मूठ, मुठीला गुंडाळलेली चिंधी. कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग तिनं आप्पासाहेबांना विचारलं. ते तिच्याकडे पाहत उठले आणि बाहेर गेले.

"माय," हेमलता म्हणाली, "एक बोलायचं आहे."

"बोल की."

तिनं प्रमाणपत्र काढलं, परत ठेवलं. म्हातारीला दिसणार नव्हतं, वाचता तर येतच नव्हतं.

"माझी आई आजारी आहे."

केवळाबाईचा हात मनगटावरच थांबला. आतून चुलीवरच्या भाकरीचा करपलेला वास येत होता. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तुला माय हाय?" म्हातारीनं विचारलं.

"आहे. कराचीला. नऊ वर्षं झाली, तिनं मला पाहिलं नाही."

"लई लांब हाय का?"

"लांब आहे. जाऊ देत नाहीत. सरजाचा कागद झाल्याशिवाय नाही जाऊ देणार." मग सगळंच बोलून टाकलं तिनं. रेशनकार्ड, पोलिसांचा रिपोर्ट, माहेरच्या माणसाचा जबाब. बोलताना ती रडली नाही. आपण हिच्याकडे काय मागतो आहोत, हे तिला पक्कं कळत होतं. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, माय. मी येत जाईन."

"तुजी माय काय खाती का?"

"चमच्यानं पाणी घेते."

म्हातारीनं मनगट सोडलं. भिंतीला धरून उठली. "चल चावडीवर. तलाठी दुपारचाच घावतो."

तलाठ्यानं गावच्या कोतवालाला ओळख पटवायला बोलावलं. मजकूर ऐकून कोतवाल गोंधळला. "सायेब, सरजाबाई मेली कशी? ह्या काय, बसल्यात की समोर."

कुणी हसलं नाही. तलाठ्यानं लिहिणं थांबवलं आणि हेमलताकडे पाहिलं. तिला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. तेवढ्यात केवळाबाई बोलली.

"ती सरजा न्हवं. माझी सरजा गेली. हिरीत दरड पडली तवा गेली. मी खडीवर हुते."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"न्हाई दाखिवलं कुनी. पर आईला कळतं. पयल्याच दिशी कळलं हुतं."

तलाठ्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "माझी मुलगी नामे सरजा ही मयत झाली आहे."

"मयत नगं. मेली लिही."

त्यानं थोडा विचार केला आणि तो शब्द खोडून दुसरा लिहिला. म्हातारीचा अंगठा शाईत दाबून कागदावर उमटवला. बाहेर आल्यावर ती थांबली.

"आन तुजं नाव काय म्हनं?"

"हेमलता."

"हेमल... हेमलता." तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "घरापतुर सोड बाई मला."

त्या जबाबावर पुढं नोंद झाली. रेशनकार्डावरचं नाव बदललं. जमादार पुन्हा येऊन गेला, आणि दिवाळीच्या सुमारास लातूरच्या पत्त्यावर हेमलताचा पासपोर्ट आला. व्हिसाला आणखी दोन महिने गेले. आई तिला भेटली. ओळखलंही तिनं. अकरा दिवस दोघी एका खोलीत राहिल्या. परत आल्यावर गल्लीतल्या बायकांनी तिला कराचीबद्दल खूप विचारलं, आणि तिनं सांगितलंही.

वाडीवरच्या त्या दुपारचं मात्र ती कुणाशी बोलली नाही.

चावडीवरून परतल्यावर केवळाबाईनं घरात जाऊन घागर ओढत अंगणात आणली होती. टँकरचं पाणी, चार दिवस पुरवायचं. "माय, प्यायचं पाणी आहे ते," हेमलता म्हणाली आणि घागर धरायला पुढे झाली.

"हात लावू नगंस. सुतक हाय," म्हातारी म्हणाली. "तुला न्हाई. मला."

ती लुगड्यानिशी दगडावर बसली आणि डोक्यावरून तांब्या ओतला. मग दुसरा. ओठ हलत होते, पण रडण्याचा आवाज नव्हता. घागर तळाला गेली, तरी ती थांबली नाही. पाण्याचा ओघळ भेगाळलेल्या अंगणातून हेमलताच्या पायांपर्यंत आला, तेव्हा ती एक पाऊल मागं सरली आणि तशीच उभी राहिली.