मनोऱ्यापुढचं जहाज

मित्रांनो, मी माइन नदीवरून फिरणाऱ्या एका जहाजातली जुनी वेताची खुर्ची आहे. लिख्टेनफेल्स गावच्या एका बाईंनी मला विणलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ही माणसापेक्षा जास्त टिकेल." नऊ वर्षं मी एकाच खोलीच्या बाल्कनीत काढली. सुरुवातीला लोक माझं कौतुक करत. पुढे माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले.

नवव्या वर्षीच्या मे महिन्यात एकहार्ट नावाचे प्रवासी माझ्यावर बसले. जन्मभर पाथरवटाचं काम केलेला माणूस; आता अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. मिल्टेनबर्गच्या चर्चच्या मनोऱ्याचे लाल दगड त्यांनी तरुणपणी बदलले होते. तो मनोरा त्यांना पुन्हा बघायचा होता, म्हणून पत्नी रोस्वितांनी ही सहल ठरवली. उतरून फिरणं शक्य नव्हतं, म्हणून बाल्कनीची खोली घेतली.

पण पहिल्याच मुक्कामी, व्युर्त्सबर्गच्या धक्क्यावर, आधीच एक जहाज उभं होतं. आमचं जहाज त्याला खेटून बांधलं. बाल्कनीसमोर हातभर अंतरावर त्या जहाजाचा पांढरा पत्रा आणि दुसऱ्यांची बाल्कनी! वेर्टहाइमलाही तेच.

"काय सुंदर शहर आहे," एकहार्ट म्हणाले. "सगळं पांढऱ्या पत्र्याचं."

रोस्विता हसल्या नाहीत. त्या खाली जाऊन जहाजाच्या व्यवस्थापकांशी भांडून आल्या. "वरच्या डेकवरून सगळं दिसतं, म्हणे! आणि लिफ्ट तिथवर जात नाही, हे मीच त्यांना सांगायचं!"

मिल्टेनबर्गलाही समोर पत्राच. पलीकडच्या बाल्कनीत पासाउचे आल्फोन्स नावाचे धिप्पाड खाटीक सॉसेज खात बसले होते. रोस्वितांचा संयम सुटला.

"अहो, तुमचं जहाज जरा बाजूला घेता का?"

"माझं असतं तर घेतलं असतं, बाई. काय बघायचंय?"

रोस्वितांनी सांगितलं. आल्फोन्सनी तोंड पुसलं. "येतो तिकडे. यांना खुर्चीसकट वरच्या डेकवर नेऊ. खुर्ची मजबूत आहे ना?"

मला कोणीच विचारलं नाही. माझा मागचा डावा पाय वर्षभर करकरत होता.

डेकच्या जिन्यात वरून रोस्वितांनी माझी पाठ धरली, खालून आल्फोन्सनी सगळा भार घेतला. नवव्या पायरीवर मला जरा टेकवलं आणि तो पाय कटकन मोडला.

"उचला, बाई, उचला!" आल्फोन्स ओरडले. त्यांनी एकहार्टना पडू दिलं नाही.

वर पोहोचलो. मला तीन पायांवर कठड्याला टेकवलं. समोर मनोरा होता, पण तळापासून टोकापर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेला. एक दगड दिसेल तर शपथ!

रोस्विता मटकन खाली बसल्या. "तीन दिवस! तीन दिवस पत्रा बघितला, आणि आता हे फडकं!" त्यांना रडू आवरेना.

एकहार्ट मान तिरकी करून बसले होते. जाळीआडून छिन्नीचा आवाज येत होता.

"रोस्विता, ऐक ना. दगड बदलतायत. माझे झिजले असणार." थोड्या वेळाने म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा. घाई करत नाही."

काम थांबेपर्यंत दोघं तिथेच ऐकत राहिले.

घरी जाताना एकहार्टनी व्यवस्थापकांना सांगितलं, "हिचा एक पायच गेलाय. सुताराला अर्धा तास पुरेल."

"हो हो, बघू," ते म्हणाले.

त्याला दोन वर्षं झाली. मी तळाच्या अडगळीत आहे. माझा वेत अजून घट्ट आहे. मित्रांनो, मोडलेल्या वस्तूला 'बघू' म्हणू नका. दुरुस्त करा, नाहीतर सरळ चुलीत घाला. पण असं ताटकळत ठेवू नका.