आठ महिन्यांचं अळू

माझा मुलगा विलितामा एकोणिसाव्या वर्षी निउए बेट सोडून ऑकलंडला गेला, तेव्हा त्याने कारण एवढंच सांगितलं की इथे काही नाही. देवमासे किनाऱ्यालगत येऊन फुसकारायचे, त्या आवाजाने त्याची झोपमोड व्हायची आणि तो चिडून कानावर उशी दाबायचा. मला तरी त्यांचं काय कौतुक होतं? जन्मापासून ऐकतेय. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

त्याच्यामागे एकेक घर रिकामं झालं. आता आमच्या रस्त्यावर दिवा लागतो तो माझा आणि मेलेचा. मेले माझी लहानपणची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली. माझ्या नवऱ्याचं थडगं घरासमोरच आहे, इथे सगळ्यांचीच असतात तशी. तिथलं गवत काढताना मी त्याच्याशी भांडते. तो उत्तर देत नाही, पण ते जिवंतपणीही देत नव्हता.

बावीस वर्षांनी विलितामा आला, आठवडाभरासाठी. पहिल्याच सकाळी कड्यावर उभं राहून त्याने देवमासा पाहिला आणि रडला. पोट सुटलेला बाप्या माणूस, ढसाढसा रडला. मग त्याने फोटोंचा सपाटा लावला. चुलीच्या खड्ड्याचे, रिकाम्या घरांचे, बापाच्या थडग्याचेसुद्धा. वर मला म्हणाला, "आई, तू किती नशीबवान आहेस गं. असली शांतता तिकडे स्वप्नातही नाही."

मला या शांततेचा वीट आलाय, हे मी बोलले नाही. कारण मनात आशा शिरली होती. ज्याला इथे काहीच दिसत नव्हतं त्याला आता सगळं दिसतंय, म्हणजे हा राहील. मेलेला सांगितलं तर ती म्हणाली, "फोटो काढणारा राहत नसतो, बाई. राहणारा गवत काढतो." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

गुरुवारी मी त्याला म्हटलं, रानात अळू लावायला चल. राहणार का, असं आमच्याकडे कुणाला तोंडावर विचारत नाहीत, अळू लावायला बोलावतात. जो लावतो तो कंद खणायलाही असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो लगेच उठला. माझ्या जिवात जीव आला.

खडकांमधल्या मातीत त्याने पहारीने भोकं पाडली आणि मी देठ खोचत गेले. हात विसरले नव्हते त्याचे. लहानपणी बापामागे असाच भोकं पाडत जायचा. दोन ओळी झाल्या. तेवढ्यात मी मनातल्या मनात त्याची खोली झाडून घेतली, मेलेला काय सुनवायचं तेही ठरवलं. तिसरी ओळ संपवून त्याने घाम पुसला, स्वतःच्या मातकट हातांचा फोटो काढला आणि विचारलं, "आई, हे तयार व्हायला किती दिवस लागतात गं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"आठ महिने तरी लागतात," मी म्हटलं. देवमासे बघायला येणाऱ्या परक्यांना सांगते तशी, गोड आवाजात, सावकाश.

"अरे वा," तो म्हणाला. "मग खणलंस की मला फोटो पाठव."

मी हो म्हटलं आणि चौथ्या ओळीची भोकं पाडायला त्याच्या हातातली पहार घेतली.