आवाज पोचत नाही तिथं

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, साखरा गावाच्या अलीकडे एका लहान खेड्यात, ग्रामपंचायतीच्या छतावर मी राहतो. वारा सुटला की माझ्या घशात खरखर होते. वैशाख लागल्यापासून तर मला चैन म्हणून नाही.

तो दिवस रोजच्यासारखाच होता. ऊन डोक्यावर यायच्या आत सरपंच विश्वंभर अप्पांनी माईक हातात घेतला. "खतीजाबी, सरपण राहू द्या, घरी या. हिरासिंग, औत सोडा, घरी या." एकेकाचं नाव घेऊन ते हाक मारत. त्यात त्यांचं स्वतःचं नाव कधीच नसे.

पूर्वी माझ्यातून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाच तेवढ्या जायच्या. अप्पा निवडून आले नि मला खरं काम मिळालं. ऊन दरसाल वाढत चाललंय हे ओळखून त्यांनी रोजगार हमीचं काम पहाटे सुरू करायला लावलं. वेशीत बांधायची ठरलेली कमान रद्द केली, त्या पैशात पारापाशी मोठं छप्पर घातलं आणि आपल्या खोलीतला कूलर तिथं नेऊन लावला.

"कमान बांधली असती तर नाव राहिलं असतं," पंचायतीतले तातेराव त्या दिवशीही म्हणालेच. "सावलीला काय मत असतंय व्हय?"

"मत तर लेकरायला बी न्हाई, तातेराव. म्हणून त्यायला उन्हात सोडू का?"

नांदेडहून आलेली अप्पांची लेक अनुश्री दारात उभी होती. "लोक हसून राहिले, अप्पा. सोडा ना हे राजकारण."

अप्पा हसून पुढचं नाव घ्यायला माईककडे वळले.

दुसऱ्या दिवशी वारा उलटा होता. नाल्याकाठी शेण वेचणाऱ्या बायांपर्यंत माझा आवाज पोचेना. आवाज पोचत नाही तिथं अप्पा स्वतः जायचे. तसेच भर उन्हात गेले. बाया घरी पोचल्या. अप्पा वाटेतच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. उष्माघात.

तेव्हापासून मी मुका होतो. ऊन चढलं की माणसं काम थांबवून छताकडे बघत, आणि हाक येत नाही म्हणून पुन्हा वाकत. मित्रांनो, मी गंजलो तर गंजू द्या. उद्या दुसरा भोंगा आणता येईल. पण हाक मारणारं माणूस आहे तोवर त्याचीही विचारपूस करत जा.

आज दुपारी खालचं कुलूप वाजलं. माझ्या घशात खरखर झाली.

"खतीजाबी, घरी या," अनुश्रीचा आवाज होता. "हिरासिंगकाका, घरी या. तातेरावकाका, तुमी बी."

छपराखाली बसलेले तातेराव उठून उभे राहिले.

एकेक करत तिनं सगळ्यांची नावं घेतली. मग ती म्हणाली,

"अप्पा, ऊन लई झालं. घरी या आता."