चहात काहीतरी आहे

नामदेवरावांनी कप ओठांपर्यंत नेला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. बायको स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून ते मुलाकडे झुकले.

"रितेश, तुझी आई चहात काहीतरी घालू लागली. मला समजतंय."

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. रितेशला ते जमेना. कारण बऱ्याच वर्षांपूर्वी, मलकपेठच्या याच घरात, हेच वाक्य तो स्वतः बोलला होता.

तेव्हा तो कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होता. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात कुणाला धड उच्चारताही येत नव्हता. पंख्यातून कुणीतरी आपल्याला नावं ठेवतं, असं त्याला ऐकू यायचं. अण्णा, म्हणजे नामदेवराव, पंखा बंद करून ओरडायचे, "दाखव, कुठंय माणूस?" चहात औषध आहे, असंही तो म्हणायचा. पंख्यात कुणी नव्हतं. चहात मात्र खरंच औषध होतं. तो गोळ्या घेत नाही म्हणून त्याची आई, सुशीलाबाई, त्या कुटून कालवत होत्या. कपाच्या तळाशी पांढरा साका दिसला, त्या दिवसापासून त्यानं घरचं खाणं सोडलं. केळी आणायचा. साल असलेलं, कुणाचा हात आत न गेलेलं असं तेवढंच त्याला भरवशाचं वाटायचं.

आता तो अफझलगंजला कागदाच्या घाऊक दुकानात कामाला होता. गोळ्या स्वतःच्या हातानं घ्यायचा. चेहरे मात्र अजून त्याला दगा द्यायचे. समोरचा नुसता दमलेला असला तरी त्याला रागावलेला वाटायचा. म्हणून तो सरळ विचारून घ्यायचा. दुकानात गिऱ्हाइकालासुद्धा. "साब, गुस्सा हैं क्या?" लोक आधी चमकायचे, मग बहुतेक जण हसायचे.

अण्णांचं काही महिन्यांपासून बिनसलं होतं. चष्मा सापडला नाही की दूधवाल्यानं चोरला म्हणायचे. एकदा बाजारातून घरचा रस्ताच चुकले. नारायणगुड्याला राहणारी त्याची मोठी बहीण त्रिवेणीताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. विसरायचा आजार आहे, गोळी सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांनी ती भिरकावली. "मी काय येडा आहे?" रितेशच्या देखतच म्हणाले, आणि मग त्याच्याकडे बघायचं टाळलं.

म्हणजे हा अण्णांचा आजार बोलत होता? की आपला आजार ऐकत होता? की चहात काहीतरी होतंच?

रितेश लक्ष ठेवू लागला. आई स्वतःचा आणि त्याचा कप ताटलीत आणायची आणि अण्णांचा वेगळा, हातात. तो ढवळताना दाराकडे पाठ करायची. गुडघा दुखतो म्हणून ओट्याला टेकत असेल. नसेलही. एका सकाळी त्यानं स्वतःचा चहासुद्धा मोरीत ओतला आणि मग स्वतःच घाबरला. या वाटेनं तो एकदा पार टोकापर्यंत जाऊन आला होता.

त्यानं ताईला फोन केला.

"अण्णांच्या डोक्यात हे तूच भरवलंस का?" ती म्हणाली. "तुझ्या गोळ्या घेऊ लागलास ना नीट?"

"घेतो. तू आईला काही करायला सांगितलंयस का?"

"मला ऑफिसला उशीर होऊ लागला," म्हणून तिनं फोन ठेवला.

तो सरळ स्वयंपाकघरात गेला. चहा उकळत होता.

"आई, अण्णांच्या चहात तू गोळी घालतेस का?"

"कायतरीच काय!"

"तुझ्या तोंडाकडं बघून मला समजत नाही, आई. म्हणून विचारतो. खरं सांग. नसलीस घालत, तर मला डॉक्टरांकडं जायला पाहिजे."

सुशीलाबाईंनी गॅस बंद केला. तो पुन्हा आजारी पडतोय या भीतीपुढे त्यांचं खोटं टिकलं नाही. डब्यामागून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढली. "घेत नाहीत तर काय करू? तुझ्या वेळी गुण आला होता ना?"

"गुण त्यानं नाही आला. मी माझ्या हातानं घ्यायला लागलो, तेव्हा आला."

पट्टी घेऊन तो बाहेर आला आणि अण्णांसमोर बसला. "अण्णा, तुमचं बरोबर होतं. आई चहात गोळी घालायची. ही बघा."

नामदेवरावांनी पट्टी उलटीपालटी केली. त्यांची मान ताठ झाली. "म्हणजे मी येडा नाही."

"या बाबतीत नाही."

"आणि दूधवाला?"

"दूधवाल्यानं चष्मा नेला असं मला वाटत नाही. पण तुम्हाला भीती वाटते, ते मला पटतं."

नामदेवरावांनी पट्टी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुला तेव्हा असंच व्हायचं?"

"हौ."

त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही. पुढचे काही दिवसही नाही. मग एका सकाळी त्यांनी पट्टी मागितली, नाव मोठ्यानं वाचलं, रितेशला फोनवर ताईकडून तेच नाव वदवून घ्यायला लावलं आणि गोळी स्वतः पट्टीतून काढून घेतली. दूधवाल्याला आजही ते दारातच उभं करतात. सुशीलाबाईंच्या हातचा चहा घेत नाहीत. रितेशनं केला तर घेतात.

हे सुशीलाबाईंना फार लागलं. एका दुपारी वाल सोलताना त्या म्हणाल्या, "जन्मभर माझ्याच हातचं खाल्लं या माणसानं. आता कधी बसायचा विश्वास?"

"वेळ लागंल," रितेश शेजारी बसून शेंगा घेत म्हणाला.

त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझा बसला का?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यानं थोडा विचार केला.

"बराचसा," तो म्हणाला.

सुशीलाबाईंनी डोळे पुसले आणि परात त्याच्याकडे सरकवली.