दोघांत दुसरा

देशात पुरुषांच्या गटात फिगर स्केटिंग करणारे दोघे होते. म्हणजे आंघोळ करताना मनातल्या मनात करणारे आणखी असतीलही. पण राष्ट्रीय स्पर्धेत नाव देऊन, अंगाला चिकटणारा चमचमता सदरा घालून पंचांसमोर बर्फावर उतरणारे दोघेच. त्यातला एक दरवर्षी पहिला यायचा. दुसऱ्याचं काय व्हायचं हे सांगायला नको.

रिंकवर सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. ते भाऊ नव्हते. लहानपणी दोघे एकाच बाईंकडे शिकायला होते आणि बाईंच्या लक्षात नावं राहत नसत. थोरला काही महिन्यांनी मोठा होता. तेवढ्या भांडवलावर पस्तिशी आली तरी त्याचं थोरलेपण चालू होतं.

थोरल्याचं चष्म्याचं दुकान होतं, बायको होती, भिंतीवर सुवर्णपदकांची रांग होती. धाकटा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. दिवसभर अनोळखी माणसांचं हसू घासून चकचकीत करायचं, डब्यात घालून पाठवून द्यायचं. ज्यांच्या तोंडात ते बसायचं, त्यांची आणि याची गाठ कधी पडत नसे. संध्याकाळी रिंक, रिंकवरून घर, घरी वडील.

वडील आल्यागेल्याला सांगत, "राष्ट्रीय रौप्यपदक आहे त्याला. एक नाही, कपाटभर."

"वा! फार चुरस असेल नाही का?"

"राष्ट्रीय म्हटल्यावर असणारच," असं म्हणून वडील चहाचं बघायला उठत. किती जणांत, हा प्रश्न यायच्या आत त्यांना नेहमी चहाची आठवण होई.

बाई वारल्या तेव्हा एक अडचण झाली. स्केटिंगमध्ये खेळाडू बर्फावर असतो तेव्हा त्याचा प्रशिक्षक कठड्याशी उभा असतो. पाण्याची बाटली धरायची, बोटांनी खुणा करून उड्या मोजायच्या, आणि शेवटी खेळाडूशेजारी बाकावर बसून कॅमेऱ्यासमोर गुणांची वाट पाहायची, एवढं त्याचं काम. बाईंच्या जागी दुसरं कुणी आणायचं दोघांच्याही जिवावर आलं. मग थोरला बर्फावर असला की धाकटा कठड्याशी, आणि धाकटा असला की थोरला, असं सुरू झालं. ज्याला हरवायचं त्यालाच "खांदे सोड, घाई करू नकोस" असं बजावायचं. पंचांना ते विचित्र वाटे, पण नियमांत त्याविरुद्ध काही नव्हतं. नियम करणाऱ्यांना असं काही सुचलंच नव्हतं.

यंदा स्पर्धेच्या तोंडावर थोरल्याचा घोटा दुखावला. हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरणारा माणूस दुकानात वरच्या फळीवरच्या फ्रेमा काढताना स्टुलावरून पडला.

बातमी कळली तेव्हा धाकट्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. ते साधारण जिना उतरेपर्यंत टिकलं. खालच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की, यंदा आपण पहिले.

संध्याकाळी महासंघाच्या सचिवांचा फोन आला.

"तुमचा गट रद्द करतोय, बरं का."

"का?"

"अहो, एकट्याची कसली स्पर्धा? निदान दोन खेळाडूंनी कार्यक्रम पूर्ण केला पाहिजे. नियम आहे."

"मग मी पहिला नाही का?"

"कुणाच्या पुढे?" सचिवांनी विचारलं. प्रश्न खोचक नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा थोरल्याच्या घरी गेला. थोरला पाय उशीवर ठेवून सोफ्यावर पडला होता. दार वहिनींनी उघडलं.

"या भाऊजी. बघा तुमचे थोरले बंधुराज. स्टुलावर सुद्धा यांना टाळ्या लागतात."

धाकटा हसला. घोट्याची चौकशी केली. डॉक्टर कोण, सूज किती, सगळं विचारून झालं. मग सचिवांचं बोलणं सांगून खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हणजे मी उतरलो तरच तू पहिला," थोरला म्हणाला.

"उड्या मारायच्याच नाहीत. नुसतं घसरायचं. चार मिनिटं हात हलवायचे."

"आणि हरायचं."

"हो, ते आलंच."

थोरला मोठ्यांदा हसला. "इतकी वर्षं तू कसं केलंस रे हे?"

"सवय होते."

वहिनी कप उचलत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले महिनाभर पाय टेकायचा नाही. भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना."

धाकट्यानं ते ऐकलं. कप घ्यायला मदत केली. सांगितलं मात्र काही नाही. त्याच्या आतच थोरला "बघू" म्हणाला होता, आणि थोरल्याचं बघू म्हणजे हो असतं हे वहिनींना जेवढं माहीत होतं तेवढंच त्यालाही.

स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत सकाळच्या मुलींच्या गटातल्या आया होत्या. त्या मुलींच्या केसांतल्या पिना काढत बसल्या होत्या. शेवटच्या रांगेत वहिनी, मांडीवर थोरल्याचा कोट. आधी कोण उतरणार हे ठरवायला सचिवांनी काचेच्या भांड्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, भांडं बराच वेळ हलवलं, आणि तोंड दुसरीकडे करून एक उचलली. थोरला आधी.

धाकटा कठड्याशी बाटली घेऊन उभा राहिला.

संगीत सुरू झालं. थोरला निघाला, आणि एकही उडी न मारता अख्खं रिंक त्यानं वापरलं. एका पायावर लांबच लांब वळणं घेत तो जाई, आणि वळण संपतंय असं वाटेस्तोवर त्याच्या बुटाचं पातं दुसऱ्याच दिशेला वळलेलं असे. उड्यांसाठी जिथं लोक श्वास रोखतात, तिथं त्यानं नुसती मान वर केली. पिना काढणाऱ्या आया थांबल्या. धाकट्यानं त्याला शेकडो वेळा बघितलं होतं, आणि दर वेळी तो फक्त उड्या मोजत आला होता. आज मोजायला काही नव्हतं म्हणून त्याला पहिल्यांदाच बघावं लागलं. बघून बरं वाटलं नाही.

शेवट जवळ आला तेव्हा एका वळणावर थोरल्याचा दुखरा पाय लटपटला. तो पडला नाही. हात टेकला, सावरला आणि थेट कठड्याकडे आला. पंचांची शिट्टी वाजली, संगीत थांबलं. अशा वेळी तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात पुन्हा सुरू केलं तर ठीक, नाहीतर माघार धरतात.

थोरला दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. ओठ पांढरे पडले होते.

"गेला रे," तो म्हणाला.

"किती राहिलंय?"

"एक फेरा. एक गिरकी."

"गिरकी चांगल्या पायावर आहे."

"उभं तर वाईटावरच राहावं लागेल ना तिथवर." थोरल्यानं श्वास घेतला. "काय करू? तू सांग. कठड्याशी तू आहेस."

सगळ्या रिंकमध्ये फक्त बर्फ गार ठेवणाऱ्या यंत्राची घरघर होती. सचिव घड्याळ बघत होते. शेवटच्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या होत्या. इतक्या लांबून त्यांना शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं.

बाई असत्या तर त्यांनी थोरल्याला कानाला धरून बाहेर काढलं असतं. धाकट्याला तेही आठवलं.

तो गुडघ्यावर बसला. कठड्याच्या फाटकाशी थोरल्याचा पाय उंबऱ्यावर घेतला. मोज्याच्या वर पोटरी कढत लागत होती, आणि बुटाच्या काठावर मांस ओघळल्यासारखं आलं होतं. त्यानं नाडीची गाठ सोडली. क्षणभर थोरल्याला वाटलं, बूट काढतोय. त्यानं खांदे सैल सोडले.

धाकट्यानं खालच्या खाचेपासून एकेक वेढा ओढत नाडी आवळली. वर येईपर्यंत त्याची बोटं लाल झाली. दुहेरी गाठ मारली, उरलेली टोकं आत खोचली. मग उभा राहिला आणि बाटली पुढे केली.

थोरल्यानं पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पाणी न पिता बाटली परत दिली.

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

फेरा त्यानं पूर्ण केला. गिरकीही घेतली, फार वेगात नव्हती, पण गिरकी होती. आया टाळ्या वाजवत उठल्या. तो वाकून नमस्कार करायला गेला आणि तसाच खाली बसला. दोन स्वयंसेवकांनी त्याला उचलून नेलं, मागोमाग वहिनी कोट घेऊन पळत गेल्या. त्याचे गुण रिकाम्या बाकाला ऐकवण्यात आले. गुण फारच कमी होते. उड्याच नव्हत्या.

मग लाउडस्पीकरवर धाकट्याचं नाव पुकारलं.

पहिल्या उडीला तो पडला. पुढच्या वळणावर सवयीनं त्यानं कठड्याकडे बघितलं. पडलं की तिथं थोरला बोटांनी खूण करायचा: आता ही सोड, ती घे. कठड्यावर धाकट्याचंच जाकीट लोंबत होतं. त्यानं पडलेली उडी पुन्हा मारली, नीट उतरला. मग शेवटी हुरूप येऊन तीच आणखी एकदा मारली. तिसऱ्यांदा तीच उडी मारली की शून्य मिळतं, हे रिंकवरच्या आठ वर्षांच्या मुलींनासुद्धा पाठ असतं. बर्फावर मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून तर कठड्याशी माणूस ठेवतात.

तरीही तो जिंकला. उड्या न मारणाऱ्या माणसाला हरवायला तेवढं पुरलं.

बाकावर तो डाव्या टोकाला बसला होता. कॅमेरावाला म्हणाला, "साहेब, जरा मधे सरका. एका कडेला पडताय."

तो मधे सरकला. गुण जाहीर झाले. त्यानं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. त्यापुढचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. एरवी या वेळी तो शेजारच्याचं अभिनंदन करायचा.

बाहेर येऊन त्यानं वडिलांना फोन लावला.

"पहिला आलो."

पलीकडून वडिलांनी विचारलं, "दुसरा कोण आला?"

"थोरला."

"थोरला?" वडील म्हणाले. "का रे, काय झालं त्याला?"

दोन्ही पदकं सचिवांनी धाकट्याच्याच हातात दिली. इस्पितळ रिंकपासून लांब नव्हतं. वॉर्डाच्या दाराशी वहिनी बसल्या होत्या. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बूट होता, उभा चिरलेला.

"नाडी सुटेना," वहिनी म्हणाल्या. "नर्सनं कात्री घेतली, ती पण नाडीखाली शिरेना. शेवटी बूटच कापला. हाड मोडलंय."

"वहिनी, मी—"

"झालात ना पहिले? झालं मग." त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या.

आत थोरला छताकडे बघत पडला होता. धाकट्यानं रौप्यपदक काढून चादरीवर ठेवलं. थोरल्यानं ते उचललं, उलटसुलट केलं.

"हे असं असतं होय? मी कधी जवळून बघितलंच नव्हतं." नखानं कड खरवडून बघितली. "तुझ्याकडे एवढी आहेत, कधी दाखवलं नाहीस."

"त्यात काय दाखवायचं."

"तेही खरंच." मग त्यानं विचारलं, "आणि शेवटची उडी?"

"तीच मारली परत."

"शून्य?"

"शून्य."

"गाढवा," थोरला म्हणाला. नेहमी म्हणायचा तसंच म्हणाला. पण नंतर नेहमीसारखा हसला नाही. पदक त्यानं गादीच्या कडेला ठेवलं, धाकट्याच्या बाजूला, आणि डोळे मिटले. "मी तुला विचारलं होतं रे," तो डोळे मिटूनच बोलला. "नाही म्हणाला असतास तरी मी परत उतरलोच असतो. पण मग ते माझं झालं असतं."

धाकटा पलंगाशी उभा राहिला. बसायला खुर्ची होती. तिच्यावर थोरल्याचा कोट होता. तो उचलून दुसरीकडे ठेवायला त्याचा हात झाला नाही.

नर्स आली. सलाइन बघितलं, पट्टी बघितली, मग याला बघितलं.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

धाकट्यानं दाराकडे बघितलं. वहिनी आत येऊन पाण्याचा तांब्या भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आम्ही एकत्र खेळतो," तो म्हणाला.

"म्हणजे मित्र?"

यावर त्यानं बराच विचार केला. नर्सला तेवढा वेळ नव्हता.

"मित्रांची वेळ संपली," ती म्हणाली. "आता फक्त घरचे थांबतील."