ब्रॅकनेलच्या सिकॅमोरचं गुऱ्हाळ

मी सिकॅमोर. ब्रॅकनेलमधल्या एका सेमी-डिटॅच्ड घराच्या मागच्या गार्डनमधून बोलतोय. बोलता बोलता मध्येच कण्हलो तर मनावर घेऊ नका. फेब्रुवारीत माझ्या कमरेला ड्रिलने भोक पाडलंय, ते अजून पुरतं भरलेलं नाही.

इंग्लंडमधल्या झाडाला मराठी कसं येतं, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. राजीव आणि वैजयंती या घरात राहायला आले तेव्हापासून माझ्या कानांवर दुसरं काही पडतच नाही. आधीची मंडळी फारशी बोलायचीच नाहीत. हवामानावर दोन वाक्यं झाली की त्यांचं दिवसभराचं बोलणं आटपायचं. राजीव मात्र पुण्याच्या बहिणीशी फोनवर असा बोलतो, की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं.

मला कुणी हौसेने लावलेलं नाही. दोन पंखांचं एक बी वाऱ्यावर गिरक्या घेत आलं आणि गुलाबाच्या वाफ्यात पडलं, तोच मी. तेव्हाच्या मालकाने मला पाहिलं आणि पुढच्या वीकेंडला उपटून टाकू म्हणाला. इंग्रज माणसाचा गार्डनमधला पुढचा वीकेंड कधीच येत नाही. तो येईपर्यंत मी कुंपणापेक्षा उंच झालो होतो.

आमची जात या देशात येऊन चारशे-पाचशे वर्षं झाली म्हणतात. तरी शेजारची पॅट कुंपणावरून मान काढून प्रत्येकाला सांगते, "सिकॅमोर ना? तो काही इथला नाही हं." वैजयंतीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली कपड्यांची बादली तशीच राहिली. "चारशे वर्षं राहून याला अजून सेटल्ड स्टेटस नाही? मग आपलं कसं व्हायचं?" त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची.

माझ्यात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. माझी पानं छपराच्या गटरात अडकतात. माझी पिल्लं कुंड्यांमध्ये, फरशीच्या फटीत, एकदा तर राजीवच्या बुटात उगवली. उन्हाळ्यात माझ्या पानांवरचे किडे चिकट काहीतरी गाळतात आणि पॅटिओच्या टेबलावर ठेवलेला मग टेबलासकट उचलावा लागतो. पण एवढ्यासाठी कुणी कुणाला मुळापासून तोडत नाही. मला तोडायचं ठरलं ते आबांच्या बनियनमुळे.

आबा म्हणजे राजीवचे वडील. ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी कराडहून आले. राजीव सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून घरूनच काम करतो. एका सकाळी त्याची मोठी मीटिंग चालू होती. मागून आबा बनियनवर, खांद्याला पंचा लावून, अंघोळीला निघाले. एडिनबराहून त्याच्या मॅनेजरने विचारलं, "राजीव, हे गृहस्थही आपल्या टीममध्ये आहेत का?" आबांनी थांबून, स्क्रीनकडे वाकून, सगळ्यांना नमस्कार केला.

त्याच आठवड्यात राजीवने ठरवलं की गार्डनमध्ये ऑफिससाठी एक लाकडी खोली बांधायची. मोकळी जागा एकच होती आणि तिथे मी उभा होतो. झाडं तोडणारा माणूस येऊन मला बघून गेला. इथला कुठलाही कारागीर आकडा सांगण्याआधी दातांतून हवा आत ओढतो. त्याने इतकी ओढली, की माझी उरलीसुरली पानं हलली. मार्चमधला पहिला सोमवार ठरला, पाखरं घरटी करायला लागायच्या आत.

आबांना हे कळलं तेव्हा ते स्वेटर, कोट आणि माकडटोपी घालून थेट माझ्यापाशी येऊन उभे राहिले. घरात सगळे दिवसभर कॉलवर असायचे, म्हणून आबा रोज मलाच गुडघेदुखी सांगायचे. मी मध्ये बोलत नाही, हा माझा गुण त्यांना फार आवडायचा. "राजीव, उभं झाड तोडतोस?" ते ओरडले. "मी उद्यापासून बनियनवर शर्ट घालतो की!"

"आबा, प्रश्न शर्टचा नाहीये. मला स्पेस पाहिजे."

मग दिया बोलली. दिया त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, तेरा वर्षांची. "बाबा, सिकॅमोर टेक्निकली मेपल असतो. याच्यातून सिरप येते! प्लीज, त्याला एक चान्स दे ना."

राजीवला अटी घालायला मनापासून आवडतं, त्याचं पोटच त्यावर चालतं. त्याने बोट वर करून अट घातली. सोमवारी माणूस येणार, त्याच्या आदल्या रविवारी ब्रेकफास्टला पॅनकेकवर ओतता येईल असं या झाडाचं सिरप टेबलावर हवं. असलं तर झाड राहील. नसलं तर विषय संपला.

माझं काय झालं असेल याची कल्पना करा. आयुष्यात मी कधी कुणाच्या ब्रेकफास्टला गेलो नव्हतो आणि आता माझा जीव त्यावर टांगलेला.

भोक पाडायच्या दिवशी आबांनी आधी मला हळदीकुंकू लावलं. "जरा टोचेल हं," म्हणाले. जरा? दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आला असाल तर मी जास्त सांगत नाही. दियाने ऑनलाइन मागवलेली तोटी भोकात ठोकली आणि तिला दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन टांगला. मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मीही त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. काही झालं नाही.

रस वाहायला रात्री कडक गोठण आणि दिवसा ऊन लागतं. इंग्लंडात बहुधा दोन्ही नसतं, नुसतं राखाडी असतं. आठवडा कोरडा गेला. राजीव रोज चहा घेऊन यायचा, रिकामा कॅन हलवून बघायचा आणि शीळ वाजवत आत जायचा. ती शीळ मला करवतीसारखी ऐकू यायची. मग एका रात्री सगळं गार्डन पांढरं झालं, सकाळी लख्ख ऊन पडलं आणि माझ्या अंगातून टप टप सुरू झालं.

आबांनी बोट लावून चाटलं. "हे तर पाणी आहे!"

मला फार लागलं ते. अहो, माझ्या कॅनडातल्या श्रीमंत भावंडांचा रससुद्धा चाळीस बादल्या आटवावा तेव्हा बादलीभर सिरप होतं. मी तर गरीब शाखेतला. पण दियाने धीर सोडला नाही. कॅन भरत गेले आणि फ्रिजमध्ये त्यांनी दही-दुधाला जागा ठेवली नाही. वैजयंतीने एकदा घाईत पाणी समजून त्यातलाच कॅन वरणाच्या डाळीत ओतला. राजीव जेवताना म्हणाला, "आज वरण अगदी आईसारखं झालंय." कुणी त्याला काही सांगितलं नाही.

शनिवारी रस आटवायला घेतला. जवळच्या स्लाऊ गावातल्या मित्राकडून गणपतीतलं मसालेभाताचं मोठं पातेलं आणलं होतं. पहिला प्रयोग किचनमध्ये झाला. खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ आले, स्मोक अलार्म बोंबलू लागला आणि आबा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालू लागले. वैजयंतीने सगळ्यांना पातेल्यासकट बाहेर काढलं. "माझ्या भिंतींना घाम फुटलाय! काय तो कारखाना बाहेर काढा."

अशा रीतीने माझ्याच पायाशी, गॅसच्या शेगडीवर, माझाच रस उकळू लागला.

आणि आबांच्या अंगात गुऱ्हाळ संचारलं. लहानपणी ते सुट्टीत मामाकडे जायचे, तिथे उसाचं गुऱ्हाळ होतं. तिथे आबांनी खाण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण खाणाऱ्यालाही थोडं दिसतंच. "भेंडी आण," त्यांनी हुकूम सोडला. गुऱ्हाळात म्हणे उसाच्या रसात भेंडीचा चिकट रस घालतात, म्हणजे मळी वर येते. फ्रीझरमधली कापलेली भेंडी पातेल्यात पडली.

"ईऽऽ! आबा, तुम्ही भेंडी का टाकते?" दिया किंचाळली.

"मळी येते वर. बघ तू."

खरंच राखाडी फेस वर आला आणि आबांनी तो झाऱ्याने काढून माझ्याच मुळाशी झटकला. "ग्रोस आहे," दिया म्हणाली, "पण वर्क होतोय!" पॅट कुंपणावरून नाक वर करून वास घेत होती. मी इथला नाही, हे त्या दिवशी तिने एकदाही सांगितलं नाही.

दुपार उलटली. पातेल्यातला रस छोट्या भांड्यात मावेल इतका झाला. दियाचा स्विमिंगचा क्लास होता. "आबा, जाड झाला की गॅस बंद करा. ओके?"

"हो गं, मला शिकवतेस?"

इथे घात झाला. मी वरून बघत होतो. रस आधी वाळल्या गवताच्या रंगाचा झाला, मग चहाचा, मग मधाचा. झालं, हेच सिरप! आबा, बंद करा! पण आबांच्या लेखी ही काकवी होती आणि काकवी म्हणजे अर्ध्यात सोडलेला गूळ. काम अर्ध्यात सोडणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. मी घाबरून एक वाळकी काटकी त्यांच्या माकडटोपीवर टाकली. त्यांनी वर बघून हात केला. "होतंय रे बाबा तुझं काम." मग थेंबभर गार पाण्यात टाकून बघितला. त्याची गोळी झाल्यावर समाधानाने गॅस बंद केला, वाटीला तूप लावून तिच्यात सगळं ओतलं आणि वर ताटली झाकून ठेवली.

रविवारी सकाळी किचनच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. वैजयंती पॅनकेक करत होती. राजीव हातात काटा घेऊन बसला होता. आबांनी वाजतगाजत वाटी टेबलावर आणून उपडी केली. ठक्क. बशीत तांबूस, चकचकीत, लिंबाएवढा गूळ.

"आबा," दिया हळू आवाजात म्हणाली, "हा सिरप नाही आहे."

राजीवने काट्याने गूळ टोकरून बघितला. काट्याचा एक दात वाकला. "अट क्लिअर होती. ओतता आलं पाहिजे. हे ओतता येत नाही, फेकून मारता येतं." पण एवढं बोलून त्याने खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायचं टाळलं.

आबांचा चेहरा मला बघवला नाही. "मीच घात केला गं पोरी," ते म्हणाले. "गूळ पडला म्हटल्यावर वाटलं, जिंकलो. तोडा आता. माझ्यापायी तोडायचं ठरलं होतं, माझ्याच हातून तुटू दे." दिया रडायला लागली. मी तर केव्हाच धीर सोडला होता. उद्या सोमवार.

"झालं रडून?" वैजयंतीने पॅनकेक उलटला. "एवढी शिकलेली माणसं घरात. गुळाचा पाक कधी बघितला नाही का कुणी?"

तिने गूळ पातेलीत टाकला, वर थोडं गरम पाणी घातलं, गॅस मोठा केला आणि चमच्याने ढवळलं. एक पॅनकेक भाजून होईस्तोवर पाक तयार. तो तिने राजीवच्या बशीत उंचावरून धार धरून ओतला.

"ही चीटिंग आहे. हे रीवर्क आहे," राजीव म्हणाला.

"डेडलाइनच्या आत आहे. खा."

राजीवने खाल्लं. चावला, थांबला, परत चावला. घरातली तीन माणसं आणि बाहेर मी, सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होतो. "किंचित भेंडी लागतेय," तो म्हणाला. त्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. मग पातेली स्वतःकडे ओढून बोटाने पुसून चाटली. "अजून आहे?"

"संपलं," आबा म्हणाले.

"एवढंच? एवढ्या मोठ्या झाडाचं? मग पुढच्या वर्षी दोन भोकं पाडू."

पुढच्या वर्षी! त्याचं त्यालाच कळलं नाही काय बोलला ते. आधी दियाला कळलं. तिने खुर्चीवरून अशी उडी मारली, की स्मोक अलार्मलाही मागे टाकेल असा आवाज झाला. मला उडी मारता येत नाही. मी त्या दिवशी उरलेला रस तोटीतून तसाच गळू दिला.

झाडं तोडणाऱ्या माणसाला राजीवने त्याच दुपारी फोन करून नको म्हणून सांगितलं. त्याने फोनवरही हवा ओढली असणार. खोली काही झाली नाही. डायनिंग टेबलामागे एक पडदा आला आणि आबा शर्ट घालून अंघोळीला जाऊ लागले.

आता मे महिना आहे. मला नवी पानं फुटलीत, गटराकडे जायची तयारी करतायत. राजीव माझ्याभोवती टेप घेऊन फिरतो, खोडाचा घेर मोजतो, लॅपटॉपवर काहीतरी तक्ते करतो. परवा तो चार भोकं म्हणाला. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्याच्या ऑफिसात असाल तर त्याला समजावा. एक भोक मी आनंदाने सोसेन, चार म्हणजे करवतच बरी.

आबा एप्रिलमध्ये परत गेले. टॅक्सी दारात उभी असताना ते बूट घालून मागे गार्डनमध्ये आले. राजीव समोरून हाका मारत होता. आबांनी भोकाजवळ हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"पुढच्या वर्षी व्हिसा मिळेल, न मिळेल. गुडघे तरी चालतील की नाही, कुणाला माहीत," ते म्हणाले. "तू मात्र इथंच थांब हं."

थांबलोय, आबा.